खेळातला माग, आमचा माग

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. विषय होता कॉम्प्युटर.

भिवंडीत कामतघरच्या बाजूला एका चाळीत आमच्या गटाची एक खोली आहे. सकाळी तिथे कांडी भरणाऱ्या बायकांचा बचत गट बसतो, दुपारी शिवणवर्ग चालतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुली अभ्यासाला येतात. घरी बारा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट. अभ्यास होणार कुठे? या खोलीत कुणीतरी देऊन टाकलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. शनिवारी संध्याकाळचे दोन तास मुलींनी त्यावर आपल्या मनाला येईल ते करावं, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. मुलींनी त्यावर लढाईचा खेळ लावला. माझ्या मुलाच्या जुन्या सामानातली सीडी मीच त्यांना आणून दिली होती, हेही कबूल करते.

बैठकीत एक ताई म्हणाल्या, ‘आपण शांततेसाठी साखळ्या करायच्या आणि आपल्याच खोलीत मुलींनी तलवारी चालवायच्या?’ दुसरीचं म्हणणं, ‘खेळण्यापेक्षा टायपिंग शिकू दे, पोटाला उपयोगी पडेल.’ तिसरीने सांगितलं की मुलींना घरी जायला उशीर होतो, आया ओरडतात, उद्या येणंच बंद करतील. हे दोन तास बंद करावेत, असा ठराव पुढे आला. मी महिनाभराची मुदत मागून घेतली. म्हटलं, मी स्वतः हा खेळ समजून घेते, जुनाही आणि नवाही, मग ठरवू. त्या महिन्यात जे पाहिलं आणि जे वाटलं, ते इथे मांडते आहे.

खेळाचं नाव ‘एज ऑफ एम्पायर्स’, म्हणजे साम्राज्यांचं युग. अमेरिकेतल्या डॅलसच्या ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ या कंपनीने तो तयार केला आणि मायक्रोसॉफ्टने १९९७ साली बाजारात आणला. दुसरा भाग १९९९ साली आला, तिसरा २००५ साली. चौथा मात्र खूप उशिरा, २०२१ साली आला. दरम्यान दुसऱ्या भागाला नव्या नव्या पुरवण्या जोडल्या गेल्या आणि २०१९ साली तो नवं रूप घेऊन पुन्हा विक्रीला आला. बुद्धिबळात आपली चाल, मग समोरच्याची चाल, अशी पाळी असते. इथे तसं नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी चालतात, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. हातात एक लहानसं गाव मिळतं. धान्य, लाकूड, दगड, सोनं जमवायचं, घरं बांधायची, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्याचं गाव जाळायचं, असा एकूण मामला.

मला हा खेळ पहिल्यांदा भेटला २००१ साली. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. धामणकर नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून तो खेळायला जायचा आणि ट्यूशनला गेलो होतो म्हणून सांगायचा. एक दिवस मी जाऊन त्याला पकडलं. कॅफेत दहा मशीन, दहाही मशीनवर पोरं. मुलगी एकही नाही. त्याचा कान धरून उभी असताना माझी नजर पडद्यावर गेली. एक बाई कुऱ्हाडीने झाड तोडत होती. पलीकडे दुसरी कुदळीने सोनं खणत होती. मी विचारलं, ‘ही कोण रे?’ तो म्हणाला, ‘आई, ती नुसती गावकरी आहे. तिचं काही नाही. सोड ना कान.’

‘तिचं काही नाही’ हे शब्द इतकी वर्षं माझ्या डोक्यात राहिले.

पहिल्या भागात ती नव्हतीच

१९९७ च्या पहिल्या भागात अश्मयुगापासून लोहयुगापर्यंतचा प्रवास आहे. इजिप्त आहे, बॅबिलोन आहे, ग्रीस आहे. पण त्यातले गावकरी झाडून सगळे पुरुष. झुडपांवरची बोरं गोळा करायलासुद्धा पुरुष! रानातून फळं, कंद, बिया वेचून आणणं हे माणसाच्या इतिहासात बहुतेक ठिकाणी बायकांनी केलेलं काम. शेतीचा शोधही बायकांनीच लावला असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत. या खेळात मात्र बाईशिवाय शेती झाली आणि बाईशिवाय पिढ्या वाढल्या. बनवणाऱ्यांनी मुद्दाम दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. त्यांना बाई आठवलीच नाही, एवढंच. पण आपल्याला माहीत आहे की न आठवण्यामागेही एक व्यवस्था असते.

दोन वर्षांनी, १९९९ साली, दुसरा भाग आला तेव्हा ही गोष्ट बदलली. आता गावकरी तयार करायला सांगितलं की कधी पुरुष येतो, कधी बाई. कोण यावं हे खेळणाऱ्याच्या हातात नसतं. दोघांना लागणारं धान्य सारखंच, ५०. दोघांना यायला लागणारा वेळ सारखाच, २५ सेकंद. दोघांची ताकद सारखी, कामाचा वेग सारखा, एका खेपेत उचलायचं ओझंही सारखं. बाई लाकूड तोडते, शिकार करते, खाणीत उतरते, किल्ल्याची भिंत बांधते, पडझड दुरुस्त करते. बाईची कामं आणि पुरुषाची कामं असा भेद कुठेच नाही. आपल्या देशात समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. त्यानंतर जन्मलेल्या किती मुलींनी समान काम, समान दाम खरोखर पाहिलं आहे? आमच्या मुलींनी ते पहिल्यांदा पाहिलं ते या खेळात.

आणखी एक गोष्ट. १९९९ च्या त्या खेळात कोणत्याही देशाचा गावकरी घ्या, अरबांचा घ्या नाहीतर फ्रेंचांचा घ्या, दिसायला तो सारखाच असतो. बोली तेवढी वेगळी. किल्ल्यांचे थाट निरनिराळे, पण कष्ट करणारी माणसं सगळीकडे एकच. आमच्या गावाने १९७० ची दंगल पाहिली, १९८४ ची पाहिली. राजांच्या लढायांचा इतिहास मुलांच्या तोंडी ‘आपण’ आणि ‘ते’ होऊन कसा येतो, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून मला हे चित्र फार बोलकं वाटलं. आमच्याकडे तेलंगणातली बाई, आजमगडची बाई आणि शहापूरची बाई एकाच ओळीत बसून कांड्या भरतात. बोली तेवढी वेगळी.

माग

आता भिवंडीकर म्हणून मला हसू आलं, आणि रडूही, ती गोष्ट सांगते.

या दुसऱ्या भागात सुरुवातीलाच एक शोध विकत घेता येतो. त्याचं नाव ‘लूम’. म्हणजे माग! ५० सोनं मोजलं की तुमच्या गावात माग येतो आणि माग आला की गावकऱ्यांचं आयुष्य वाढतं. एरवी गावकऱ्याच्या अंगात २५ घाव सोसायचं बळ असतं, ते एकदम ४० होतं. रानडुकराची धडक, शत्रूचा बाण, काहीही आलं तरी तो लवकर मरत नाही. चौथ्या भागातही ही कल्पना आहे. तिथे त्या शोधाचं नाव ‘टेक्स्टाइल्स’. कापड आलं की कष्टकरी चिवट होतो, असा तर्क.

आमच्या एका मुलीने हे वाचलं आणि मोठ्याने हसली. म्हणाली, ‘ताई, माझ्या बाबांना दाखवा हे.’ तिचे वडील तीस वर्षं मागावर आहेत. बारा-बारा तासांची पाळी. त्यांना कानाने नीट ऐकू येत नाही, घरात बोलायचं तर ओरडावं लागतं. छातीत रुईची धूळ बसून खोकला कायमचा. दाम मीटरवर, माग बंद तर दाम बंद. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले तेव्हा मुंबई-नाशिक रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन पायी निघालेली माणसं आपण पाहिली. त्यांत असे कितीतरी विणकर होते. खेळातला माग कष्टकऱ्याचं आयुष्य वाढवतो. आमचा माग ते कमी करतो.

आणि या मागावर बाई कुठे असते? माग चालवणारे बहुतेक पुरुष. बाई असते कांडीवर. धोट्यात बसणारी सुताची कांडी भरून दिली नाही तर माग एक इंचही विणणार नाही. पण कापडाच्या हिशोबात विणकराचं नाव लागतं, कांडीवालीचं लागत नाही. मी स्वतः लग्नानंतर सात वर्षं सासूबाईंबरोबर कांडी भरली आहे. कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, ‘सून घरीच असते.’

कोण रांधतं?

‘सून घरीच असते’ यावरून मी खेळातल्या सगळ्यात मोठ्या खोटेपणाकडे येते. तो जुन्या भागात आहे, तसाच नव्यातही आहे.

या खेळात धान्य गोळा होतं, पण ते शिजवत कुणी नाही. घर बांधायचं असतं, पण घरात काम नसतं. लाकडं मोजली की एक घर उभं राहतं आणि आणखी पाच माणसांची सोय होते. कुणी झाडत नाही, पाणी भरत नाही, धुणं धूत नाही. माणूस मोठ्या घरातून २५ सेकंदांत तयार होऊन बाहेर येतो, थेट कामाला लागण्याइतका मोठा. त्याला कुणी नऊ महिने पोटात वाढवलेलं नाही, दूध पाजलेलं नाही. आजारी कुणी पडत नाही, म्हातारं कुणी होत नाही. मारामारीतली जखम बरी करायला भिक्षू आहेत, पण रात्री उशाशी बसणारं कुणी नाही. साम्राज्य उभं करायला काय काय लागतं याचा पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या खेळात हा एवढा मोठा खर्च फुकट धरला आहे.

सरकारच्या हिशोबाचंही फार काळ असंच होतं. २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ९७, असं त्यात दिसलं. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे बायकांचे २८९ आणि पुरुषांचे ८८ असे आले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांनी ती उचलली नाहीत. त्यांनी आपलीही नऊ मिनिटं कमी करून घेतली!

दुसऱ्या भागात पडद्यावर एक बटण आलं. ते दाबलं की गावात रिकामा उभा असलेला गावकरी सापडतो. खेळणाऱ्याला एकेका सेकंदाची किंमत असते, म्हणून कुणी रिकामं दिसलं की लगेच कामाला जुंपायचं. आमच्या गटातली एक मैत्रीण आता मागावरचं सोडून गोदामात माल भरण्याच्या कामाला जाते. तिला मी हे बटण दाखवलं. ती म्हणाली, ‘आमच्या हातात देतात ते यंत्र असंच असतं. कोण किती वेळ थांबलं ते वर दिसतं.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘घरी जाऊन मी जे करते, ते मात्र कोणत्याच यंत्राला दिसत नाही.’

राण्या आल्या, बरं झालं. पण…

आता नव्या भागांबद्दल. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतील, बघा किती सुधारणा झाली, बायका आता नायिका आहेत. खरं आहे. १९९९ साली जोन ऑफ आर्क होती, पण तिची गोष्ट सांगणारा निवेदक होता एक पुरुष सैनिक. २००५ च्या तिसऱ्या भागात अमेलिया ब्लॅक ही रेल्वे कंपनीची मालकीण नायिका झाली. मग दुसऱ्या भागाच्या पुरवण्यांतून २०१५ साली इथिओपियाची राणी योदित आली, २०२१ साली पोलंडची यादविगा, २०२३ साली जॉर्जियाची तामार. यादविगाची गंमत अशी की १३८४ साली तिचा राज्याभिषेक झाला तो ‘राणी’ म्हणून नव्हे, ‘राजा’ म्हणून. २०१५ च्याच पुरवणीत माली देशाच्या सैन्यात ‘ग्बेतो’ नावाच्या लढवय्या बायका आल्या. चौथा भाग आला तेव्हा तो घडवून आणणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या विभागाची प्रमुखही एक स्त्रीच होती, शॅनन लॉफ्टिस.

या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करते. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं पाऊल १९९९ चं होतं. त्या वर्षी गावातली निम्मी कष्टकरी माणसं बायका झाल्या. तिथे कुणी राणी नव्हती. तिथे सरसकट सगळ्या होत्या. त्यानंतर बायकांना जे मिळालं ते सिंहासन आणि तलवार. चौथ्या भागात २०२३ साली पुन्हा जोन आली. यावेळी ती शेतकरी मुलगी म्हणूनच सुरुवात करते, इतरांसारखं काम करते आणि अनुभव मिळवत योद्धा होते. मुलींना हे फार आवडेल. पण बघा, बाईला वर चढायचं तर हत्यार हातात घ्यावं लागतं. शेतात राहून कुणी मोठी होत नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे? १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठ्यांचं आरमार उभं राहू लागलं, हे आम्ही अभिमानाने सांगतो. ती गलबतं कुणी बांधली, शिडाचं कापड कुणी शिवलं, सुतारांना भाकरी कुणी थापून दिली, हे आम्हांला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिसऱ्या भागाच्या २००७ सालच्या पुरवणीत भारत आहे, १८५७ ची गोष्टही आहे. पण गोष्टीचा नायक, त्याचा साथीदार आणि खलनायक, तिघेही पुरुष. ज्या उठावाचं नाव काढलं की आपल्याला आधी झाशी आठवते, त्यातून ही मंडळी राणीला वगळून पुढे गेली. २०२२ साली दुसऱ्या भागात ‘भारतीय’ हा एकच ढीग मोडून बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी अशा चार संस्कृती केल्या, हे चांगलं झालं. पण त्यासोबतच्या तिन्ही कथा राजांच्याच, राजेंद्र, देवपाल आणि बाबर यांच्या. चौथ्या भागात दिल्लीची सल्तनत आहे. त्या तख्तावर १२३६ ते १२४० रझिया बसली होती. खेळ बनवणाऱ्यांना नायिका शोधायला फार लांब जावं लागलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुनं-नवं तोलताना राण्या मोजू नका. गावकरी बाईचं काय झालं ते बघा. चौथ्या भागातही ती निम्मी आहे, पुरुषाच्या बरोबरीने राबते आहे. जे १९९९ साली मिळालं ते टिकलं. पण त्यात भर पडली नाही. चित्रं सुंदर झाली, पाण्यावर सूर्य चमकू लागला, चूल मात्र अजून पेटलेली नाही.

आणि नवं म्हणजे पुढचं, हेही आपण गृहीत धरू नये. भिवंडीत बिनधोट्याचे नवे माग आले. कापड भराभर निघतं, दर्जाही चांगला. पण त्या मागाला कांडी लागत नाही. सूत थेट कोनावरून जातं. म्हणजे यंत्र सुधारलं आणि बाईचं काम गेलं. तिला दुसरं काय द्यायचं, याचा विचार यंत्र आणणाऱ्याने केला नाही. नव्या खेळाचंही थोडं तसंच आहे. चौथा भाग मी कल्याणला माझ्या मुलाच्या घरी पाहिला. त्याला भारी मशीन लागतं, चांगलं इंटरनेट लागतं, शिवाय खेळाची किंमत वेगळी. आमच्या खोलीतल्या मशीनवर तो सुरूसुद्धा होणार नाही. योदित, यादविगा, तामार या ज्या मुलींना भेटायला हव्यात, त्यांच्यापर्यंत त्या पोचत नाहीत. आमच्या मुलींच्या वाट्याला १९९९ चीच सीडी.

पाणी आलं

शेवटचा प्रसंग सांगते आणि थांबते.

आमच्या मुलींत एक पंधरा वर्षांची आहे. या खेळात तिचा हात कुणी धरणार नाही. एका शनिवारी ती इतकी रंगली होती, की आम्ही तिघी बायका मागे उभं राहून बघत होतो. तिने गाव उत्तम वसवलं होतं. शत्रू आला की घंटा वाजवायची, सगळे गावकरी मोठ्या घरात शिरतात आणि आतून बाण मारतात, ही युक्ती ती आम्हांला समजावून सांगत होती. एवढ्यात दारात तिचा धाकटा भाऊ आला. ‘दीदी, आई बोलावतेय. पाणी आलंय.’

ती उठली. एकीच्या डावाला दुसरीने हात लावायचा नाही, हा मुलींचाच नियम. पडद्यावर झाडं तोडून संपली. तिचे अकरा गावकरी रिकामे उभे राहिले आणि ती स्वतः गल्लीत हंडे भरत होती. वीस मिनिटांनी ओल्या परकराने परत आली तोवर शत्रूने गाव जाळलं होतं. भाऊ मात्र खुर्चीमागे उभा राहून सगळा वेळ मजेत बघत होता. त्याला कुणी बोलावलं नाही.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, ‘ताई, या खेळात पाणी का भरावं लागत नाही?’

मैत्रिणींनो, या एका प्रश्नासाठी मी ते दोन तास वाचवायला तयार आहे. हा प्रश्न आमच्या शिबिरांत आम्ही फळ्यावर लिहितो, ‘अदृश्य श्रम’ असं नाव देऊन. मुली माना डोलावतात आणि विसरतात. इथे तो तिला स्वतःला पडला, जळालेल्या गावासमोर उभी असताना.

महिन्याने बैठक झाली. हिंसेचा मुद्दा मी झटकला नाही. पडद्यावर गाव जाळताना हात कचरत नाही, हे मला आजही खुपतं. समोरच्याच्या गावकऱ्यांना, म्हणजे शेतात राबणाऱ्या बाईला आधी मारा, म्हणजे राजा आपोआप हरेल, हा डावपेच चांगला खेळाडू पहिल्यांदा शिकतो. पण त्यावर बोलायचं असेल तर खेळ समोर हवा. बंद केला तर तो मुलांच्या हातात राहील आणि प्रश्न विचारणारं तिथे कुणी नसेल. २००१ सालच्या त्या कॅफेत नव्हतं, तसं. टायपिंगबद्दलही बोललो. टायपिंग हवंच, इतर दिवशी शिकवू. पण मुलाला खेळायला कारण लागत नाही आणि मुलीला मात्र प्रत्येक तासाचा उपयोग सिद्ध करावा लागतो. हा हिशोब आपणच मान्य केला तर चळवळ कशासाठी? उपयोग नसलेले दोन तास हा मुलींचा हक्क आहे, असं मी म्हटलं.

शेवटी असं ठरलं: दोन तास चालू राहतील. त्यातली शेवटची वीस मिनिटं गोल करून बसायचं आणि डावाबद्दल बोलायचं. आज तुमच्या गावात कोण राबलं, कोण मेलं, कोण दिसलंच नाही? उशिराची तक्रार करणाऱ्या आयांकडे आम्ही दोघीदोघी जाऊन आलो. पाण्याची पाळी भावाने भरावी, असं तीन घरांत कबूल झालं आहे. एका घरात ते खरोखर घडतंय. एक घर फार थोडं आहे, मला कळतं. पण २०१९ ते २०२४ च्या पाहणीत पुरुषांचे आकडे कोणत्या दिशेने गेले ते पाहता, एक घरही मला कमी वाटत नाही.

मुलींनी आता खेळ बनवणाऱ्यांना पत्र लिहायचं ठरवलं आहे. त्यांच्या मागण्या अशा: गावात विहीर असावी, पाणी भरल्याशिवाय गावकरी कामाला जाऊ नयेत, आणि रांधण्याची पाळी पुरुषांवरही यावी. रझियाची गोष्ट हवी, हेही लिहिणार आहेत. पत्राचं उत्तर येईल की नाही, ठाऊक नाही. लिहिताना त्या जे भांडताहेत, ते ऐकण्यासारखं आहे.

माझ्या मुलालाही मी हे सगळं सांगितलं. आता त्याला स्वतःची मुलगी आहे. त्याला आठवण करून दिली, की तू तेव्हा म्हणाला होतास, तिचं काही नाही. तो हसला आणि म्हणाला, ‘आई, ती नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत डाव संपतो. मला तेव्हाही माहीत होतं.’

माहीत तर सगळ्यांनाच असतं. ते हिशोबात कधी धरणार, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या वस्तीतल्या, तुमच्या घरातल्या मुली काय खेळतात? त्यांना खेळायला वेळ कोण देतं आणि कोण काढून घेतं? तुमच्या गटात यावर काय बोलणं झालं, ते जरूर लिहून कळवा.